उंदीर आणि माणसाचं यकृत

प्राण्यांवरच्या चाचण्यांचा माणसाच्या यकृताला काडीचा उपयोग नाही, हे काहींचं मत मला पटलं नाही. पॅरासिटामॉलचंच घ्या. रात्रभर उपाशी ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या उंदराला किलोमागे 300 मिलिग्रॅम दिलं की यकृतातलं विषाचा निचरा करणारं ग्लुटाथायोन हे द्रव्य संपत जातं आणि मध्यशिरेभोवतीच्या पेशी मरतात, माणसात मरतात तशाच. अशाच प्रयोगांतून अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या उताऱ्याची वाट सापडली. मोठा उंदीर, म्हणजे रॅट, मात्र तेवढ्या मात्रेला दाद देत नाही!

फियालुरिडिनची गोष्ट मात्र जिवाला लागते. हेपटायटिस-बीवरचं हे औषध प्राण्यांत निभावून गेलं. 1993 मध्ये माणसांवरच्या चाचणीत 15 रुग्णांपैकी 7 जणांचं यकृत निकामी झालं, 5 दगावले. पुढे मानवी यकृतपेशी रुजवलेल्या उंदरांत तीच विषबाधा स्पष्ट दिसली.