थिसिअस शीड बदलायला खरंच विसरला होता?

अरुणिका (धागाकर्ती):
ग्रीक पुराणकथांमधला अथेन्सचा राजपुत्र थिसिअस मिनोटॉरला, म्हणजे चक्रव्यूहातल्या अर्ध्या बैल-अर्ध्या माणसाला, मारायला क्रीट बेटावर निघाला, तेव्हा ठरलं होतं की जिवंत परतला तर काळं शीड उतरवून पांढरं चढवायचं. परतताना विसरला. बाप एजिअसने लांबून काळं शीड पाहिलं आणि कड्यावरून उडी टाकली. गादी आयतीच पोराकडे. त्याच सफरीत आरिआड्नेला, जिच्या दोऱ्यामुळे हा चक्रव्यूहातून बाहेर पडला तिला, नॅक्सॉसवर झोपेत सोडून आला. तिचाही विसरच पडला का? मला तर वाटतं, काम झालं की या गड्याला माणसं आठवत नाहीत.

खवचट_आजोबा:
करमणूक झाली. थिसिअसचं चरित्र लिहिणारा प्लुटार्क सांगतो की पांढरं शीड एजिअसने सुकाणूवाल्याच्या हाती दिलं होतं, आणि आनंदाच्या भरात दोघेही विसरले. सिमोनिडीझ कवीच्या मते तर ते शीड पांढरं नव्हे, लाल होतं. इथे रंगावर एकमत नाही आणि तुम्ही हेतू काढताय!

अरुणिका:
आजोबा, खून म्हटलंय कुठे? बेपर्वाई म्हणतेय. तसा बापही काही कमी नव्हता म्हणा. ट्रॉइझेनला एथ्राच्या पोटी हे पोर, आणि हा तलवार नि वहाणा दगडाखाली ठेवून चालता झाला. पोरगा दगड उचलून अथेन्सला आला, तर बायको मेडियाचं ऐकून बापाने त्याच्यापुढे ठेवला विषाचा पेला! तलवार ओळखली म्हणून पोर वाचलं.

समुद्रपक्षी:
आरिआड्नेला डायोनायसस देवाने मागून घेतलं, अशीही कथा आहे. थिसिअस काय करणार?

अरुणिका:
देवाच्या माथी मारलं की झालं. दुष्यंताला निदान दुर्वासांचा शाप तरी होता.

ओसरी:
आईबद्दल कोणीच बोलत नाहीये. थिसिअसने कोवळ्या वयातल्या हेलनला पळवलं, एथ्राच्या हवाली केलं आणि मित्रासोबत पाताळाची राणी पर्सेफनीला आणायला पाताळात गेला. इकडे हेलनच्या भावांनी बहिणीला सोडवलं आणि एथ्राला दासी करून नेलं. इलियडमध्ये ट्रॉयच्या तटाकडे निघालेल्या हेलनमागे एथ्रा चालताना दिसते. राजाची आई! ट्रॉय पडल्यावर तिला सोडवलं ते डेमोफॉन आणि अकामास या नातवांनी.

खवचट_आजोबा:
अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातली विखुरलेली गावं एका राज्यात आणली, असं ज्याच्याबद्दल अथेन्सकर मानत, त्याला तुम्ही निव्वळ घरच्या भांडणांवरून मोजताय. इ.स.पू. 475 च्या सुमारास अथेन्सच्या किमॉन या सेनापतीने स्कायरॉस बेटावरून त्याच्या म्हणून अस्थी वाजतगाजत आणल्या. उगाच?

अरुणिका:
त्याच अथेन्सकरांनी इ.स.पू. 428 मध्ये युरिपिडीझच्या 'हिपॉलिटस' या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं. बायको फीड्राच्या खोट्या आरोपाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून, शहानिशा न करता, पोटच्या पोराला, हिपॉलिटसला, शाप देणारा थिसिअस त्यांनी रंगमंचावर बघितलाच की. अस्थींना नमस्कारही केला आणि हेही पाहिलं.

खवचट_आजोबा:
हिपॉलिटसपुरतं मान्य. शिडाचं अजून मान्य नाही.