मदत हवी आहे: ठोकल्यावर तांबं कडक का होतं?

नमस्कार मंडळी,

नागपुरात सक्करदऱ्याला मी अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेते. सध्या धातुबंध सुरू आहे. धन आयनांची जाळी आणि तिच्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन, एवढ्यावर मुलांना बरंच उमगतं. वीज का वाहते, चकाकी का येते, वगैरे. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम अणूमागे एक, दोन, तीन इलेक्ट्रॉन देतात आणि उत्कलनबिंदू 883, 1090, जवळपास 2500 अंश सेल्सिअस असे चढत जातात. (द्रवणांक मी नंतर सांगते. मॅग्नेशियम 650 आणि ॲल्युमिनियम 660 बघितलं की मुलं गोंधळतात. वितळल्यावरही बंध बराचसा टिकून असतो, खरा तुटतो तो उकळताना.)

अडलंय ते पुढे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी इतवारीत तांब्याची भांडी घडवतात. तो म्हणाला, "मॅडम, बाबा हंडा ठोकता ठोकता मधेच भट्टीत लाल करून घेतात. नाही केला तर तांबं कडक येते अन् चिरा पडतात. ठोकल्यानं बंध मजबूत होतो का?"

तांबं तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच. मग कडकपणा आला कुठून? जस्तातही मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, तरी जस्ताची ओतीव कांडी हातोडीखाली तुटते. "बंधामुळे" म्हणून वेळ मारून नेता येईल, पण त्या पोराने डोळ्यांनी रोज बघितलेलं विचारलंय, त्याला खरं उत्तर द्यायचंय. बँड सिद्धांतात न शिरता कसं समजावू?

प्रतिसाद

ताई, मी व्हीएनआयटीत (नागपुरातल्या अभियांत्रिकी संस्थेत) धातुशास्त्र शिकलोय, सांगून बघतो.

ठोकल्याने बंध बदलत नाही. अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी धातू फुटत नाही, कारण इलेक्ट्रॉन कुठल्याच एका जोडीला बांधलेले नसतात. हे श्रेय बंधाचं. मिठाच्या खड्यात थर सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो.

पण थर सरकायला जोर किती लागेल, हे बरंचसं जाळीतल्या दोषांवर ठरतं. अख्खा थर एकदम सरकवायचा तर प्रत्यक्षात लागतो त्याच्या हजारो पट जोर लागला असता. होतं असं की अणूंची एक अर्धवट राहिलेली ओळ, म्हणजे डिसलोकेशन, पुढेपुढे जाते. मोठी सतरंजी ओढण्याऐवजी तिच्यातली सुरकुती ढकलत न्यावी तसं. 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. ठोकलं की हे दोष प्रचंड वाढतात, एकमेकांत अडकतात आणि सरकणं अवघड होतं. लाल केल्यावर अणूंना हालायला वाव मिळतो, जुन्या गुंत्याच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिककण तयार होतात.

मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. ठोकलेल्या तांब्याचा कडकपणा दुपटीच्या वर जातो, पण वीज वाहण्याची क्षमता दोन-तीन टक्केच घटते. बंधच बदलला असता तर असं झालं नसतं. वर्गात जाड तांब्याची तार घ्या, पुन्हा पुन्हा वाकवा, कडक झालेली हाताला कळते. मग पकडीत धरून गॅसवर लाल करा आणि पाण्यात बुडवा. पोलादी पातं असं बुडवून कडक करतात, तांबं मात्र मऊच राहतं.

जस्ताचं म्हणाल तर त्याची रचना षटकोनी. साध्या तापमानाला मुख्यतः एकाच पातळीतले थर सहज सरकतात, तांब्यात मात्र सरकायच्या 12 वाटा असतात. जस्त 100 ते 150 अंशांपर्यंत तापवलं की बाकीच्या वाटाही खुल्या होतात आणि पत्रा काढता येतो.

धागाकर्ती

भाऊ, मनापासून आभार! तारेचा प्रयोग याच आठवड्यात करते. आणखी एक विचारू का? वर्गात मनसरची एक मुलगी आहे, घरची मंडळी मॅंगनीजच्या खाणीत. तिचा प्रश्न असा, की क्रोमियम 1907 अंशांना वितळतं, लोखंड 1538 ला, मग मधलं मॅंगनीज 1246 लाच का?

प्रतिसाद

तिथे मात्र बंधाकडेच बघावं लागतं. मॅंगनीजमध्ये 3डी कक्षकं (इलेक्ट्रॉनांच्या जागांचा एक गट) नेमकी अर्धी भरलेली, 5 इलेक्ट्रॉन. ही मांडणी स्थिर, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन बंधात कमी सहभागी होतात. शिवाय त्याची जाळीही विचित्र, एका एककात (जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा तुकड्यात) 58 अणू. इतक्या गुंतागुंतीच्या रचनेत थर सरकायला सरळ वाट नसते, म्हणून शुद्ध मॅंगनीज ठिसूळ. पोलादात थोडं मिसळलं की तेच बळकटी देतं, हेही तिला सांगा.