प्रति: बंद करता येतं ना, मग ओरड कसली?
सिक्युअर बूट (संगणक चालू होताना मान्य डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, मग तक्रार कशाला, असं वर विचारलंय. येतं, पण सगळीकडे नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार नेहमीच्या इंटेल-एएमडी पीसीवर ते बंद करायची सोय देणं बंधनकारक होतं. एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या उपकरणांवर मात्र त्याच अटींत ती द्यायला मनाई! तंत्र तेच, किल्ली तेवढी दुसऱ्याच्या खिशात.

सिक्युअर बूटच कशाला, अशी कुलपं आणखीही आहेत. माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदललं, तर चालू करताच काळ्या स्क्रीनवर 'अनधिकृत कार्ड' असा संदेश आणि गाडी तिथेच ठप्प. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मंजूर कार्डांची यादीच कोंबलेली. ह्यात कसली आलीय सुरक्षा? बूटकिटपासून (विंडोज सुरू व्हायच्या आधीच घुसणाऱ्या घातक प्रोग्रामपासून) संरक्षण हवंच, नाही कोण म्हणतंय. पण मालकाला स्वतःची किल्ली, म्हणजे सही तपासायचा डिजिटल कोड, नोंदवू द्या की.