हाफ्नियम-१७८ चा चार सेकंदांचा आयसोमर : अवरोध ४४ की ७५?

प्रश्न (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, नागपूर) :
पुढच्या आठवड्यात विभागात माझा सेमिनार आहे आणि एका आकड्यावर गाडी अडली आहे. हाफ्नियम-१७८ चा ११४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवरचा, ८ स्पिनचा आयसोमर (केंद्रकाची दीर्घकाळ टिकणारी उत्तेजित अवस्था) सुमारे ८९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा विद्युत-द्विध्रुव गॅमा किरण सोडून मूळ पट्ट्यातल्या (न्यूनतम अवस्थेवर उभ्या असलेल्या परिभ्रमण-पातळ्यांच्या मालिकेतल्या) ८ स्पिनच्याच पातळीवर उतरतो. वाइसकॉफच्या सूत्राने (एकाच कणाच्या उडीवर आधारलेला ढोबळ अंदाज) अर्धायुकाल ०.३ पिकोसेकंद येतो, प्रत्यक्षात तो ४ सेकंद आहे. म्हणजे अवरोध सुमारे १३ लाख कोटी पटींचा. स्पिन बदलतच नसताना एवढी अडवणूक कशाची? शिवाय ‘के’ (स्पिनचा केंद्रकाच्या सममिती-अक्षावरील घटक) ८ ने बदलतो म्हणून त्याच्या दर एककामागचा अवरोध काढायला मी आठवे मूळ काढले तर ४४ येते, सरांच्या मते ७५ यायला हवे.

उत्तर १ :
स्पिनचे परिमाण तेच असले तरी त्याची दिशा बदलते, आणि खरी मेख तिथेच आहे. घरातले लाटणे घ्या. ते पोळपाटावर लांबीच्या अक्षाभोवती लोळते तेव्हा कोनीय संवेग अक्षाच्या दिशेने असतो, ही तुमच्या आयसोमरची स्थिती (‘के’ ८). तेच लाटणे मधोमध धरून पंख्याच्या पात्यासारखे फिरवले की संवेग अक्षाला काटकोनात जातो, हा मूळ पट्टा (‘के’ ०). द्विध्रुव किरणाला ‘के’मध्ये फार तर १ चा बदल परवडतो, म्हणून निषेधाची मात्रा (परवानगीपेक्षा ‘के’ किती जास्त बदलतो ते) ८ वजा १, म्हणजे ७ धरावी आणि सातवे मूळ काढावे, उत्तर ७५ येईल. अंतर्गत रूपांतरणाची (गॅमा किरणाऐवजी ऊर्जा अणूतल्या इलेक्ट्रॉनला मिळण्याची) दुरुस्ती केलीत तर आकडा थोडा वर सरकेल, पण सातव्या मुळात तिचा फारसा मागमूस उरत नाही.

उत्तर २ :
वरील उत्तर बरोबर आहे, तरी सेमिनारमध्ये कोणी जाणकार बसला असेल तर तो इथेच अडवील. विद्युत-द्विध्रुव संक्रमणे ‘के’चा संबंध नसतानाही वाइसकॉफ अंदाजापेक्षा साधारण दहा हजार पट मंद असतात. तेवढा वाटा आधी वजा केल्यास अवरोध १३० कोटी उरतो आणि त्याचे सातवे मूळ अवघे २० येते. म्हणून ७५ हा आकडा दुसऱ्या केंद्रकाच्या विद्युत-चतुर्ध्रुव संक्रमणाशेजारी ठेवून ‘इथे ‘के’ अधिक शुद्ध’ (म्हणजे वेगळ्या ‘के’ची भेसळ कमी) असे म्हणू नये.

न्यूट्रॉनसमृद्ध बाजूचे उदाहरण हवे असेल तर डिस्प्रोसियम-१७० घ्या. त्याचे ६६ प्रोटॉन ५० आणि ८२ च्या, तर १०४ न्यूट्रॉन ८२ आणि १२६ च्या (कवच पूर्ण भरणाऱ्या संख्यांच्या) बरोबर मध्यावर येतात, म्हणजे केंद्रक चांगलेच लांबट असते, त्यामुळे ‘के’ तिथे भक्कम असेल अशी अपेक्षा होती. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत सापडलेला त्याचा ६ स्पिनचा आयसोमर मात्र सुमारे १ मायक्रोसेकंदच टिकतो, कारण जवळच्या गॅमा-कंपन पट्ट्यामुळे (केंद्रकाच्या आकाराच्या कंपनातून आलेल्या पातळ्यांमुळे) ‘के’ची भेसळ होते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मी ७ ऐवजी ८ धरून बसलो होतो. आता ७५ आणि २० हे दोन्ही आकडे एकाच पारदर्शिकेवर, कोणती वजावट केली ते लिहून दाखवीन. लाटणेही नेणार आहे, आईची परवानगी मिळाली तर.