सोसायटी ग्रुप : ऑफिसचा नवीन कॉम्प्युटर चालू होत नाहीये

शनिवार, १३ डिसेंबर २०२५

ए-१०२ खजिनदार (स. ९:०४)
सर्वांना नमस्कार. ऑफिसचा नवीन कॉम्प्युटर अजूनही चालू झालेला नाही. सोमवारी १५ तारखेला जानेवारी-मार्चची बिलं निघायला हवीत. ८४ फ्लॅटची बिलं हाताने लिहिणं मला जमणार नाही. काल रात्री साडेदहापर्यंत ऑफिसात बसले होते, घरी सगळे जेवायचे थांबले होते. आज कृपा करून कुणीतरी लक्ष घाला.

ए-३०१ काकू (९:०६)
शुभ सकाळ 🌹🙏 सर्वांचा दिवस आनंदात जावो

बी-२०१ काका (९:११)
माझा प्रश्न साधा आहे. खरेदीपूर्वी तीन कोटेशन घेतली होती का? हो की नाही.

ए-५०३ सेक्रेटरी (९:१५)
काका, नमस्कार. कमिटीने ३८,००० मंजूर केले होते, खर्च ३४,६०० झाला. सगळी बिलं फाइलला आहेत, कधीही येऊन बघा. जोडणीची मजुरी एक रुपयाही दिलेली नाही. सी-७०३ च्या मुलाने ते काम आपणहून केलं.

बी-२०१ काका (९:१६)
मी मजुरीचं विचारलं नाही. कोटेशनचं विचारलं.

बी-४०५ (९:१८)
जुना मशीन कुठे आहे? त्यावरच काढा ना बिलं.

ए-१०२ खजिनदार (९:२१)
दादा, त्याचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) दिवाळीत उडाला, मीटिंगमध्ये सांगितलं होतं. दुरुस्त करूनही उपयोग नव्हता. त्याचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, विंडोज ११ त्यावर चढत नाही. आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरपासून बंद झाले. सगळ्यांचे फोन नंबर, बँकेचे तपशील असलेला मशीन तसा इंटरनेटवर ठेवायचा नाही असं आपणच ठरवलं ना? डेटा पेनड्राइव्हवर सुरक्षित आहे, तेवढी काळजी नको.

सी-१०१ (९:२४)
मीटिंगचा विषय निघालाच आहे तर, माझ्या पार्किंगमध्ये लावलेली पांढरी गाडी कुणाची आहे? तीन दिवस झाले.

ए-५०३ सेक्रेटरी (९:२५)
साहेब, पार्किंगसाठी वेगळा मेसेज टाका प्लीज.

सी-१०१ (९:२५)
वेगळा टाकला होता, बुधवारी. कुणी वाचला नाही.

बी-४०५ (९:२९)
कॉम्प्युटर त्या गाडीत घालून तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेऊ या, दोन्ही प्रश्न सुटतील 😄

सी-१०१ (९:३०)
तुमच्या जागेत गाडी असती तर हसला असतात का?

सी-७०३ ज्युनियर (९:३८)
नमस्कार. मी सगळं लिहितो, म्हणजे एकदाच कळेल. i३-१२१०० प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क, ४५० वॉटचा एसएमपीएस. बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम अर्धी फेरी फिरतो आणि थांबतो. परत दाबलं तर काहीच नाही. मागचं बटण बंद करून दहा सेकंद थांबलो की पुन्हा अर्धी फेरी. स्क्रीनवर काहीही येत नाही. प्रोसेसरची वेगळी ८ पिनची वायर लावली आहे. रॅम एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिली. सेल काढून बायोसही (बोर्डावरचा, मशीन चालू करणारा प्रोग्रॅम) रीसेट केलं.

सी-७०३ ज्युनियर (९:४०)
दुकानात फोन केला होता. ते म्हणाले बोर्ड घेऊन या, पण प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची पिन वाकलेली दिसली तर वॉरंटी मिळणार नाही.

बी-२०१ काका (९:४२)
म्हणजे पिन वाकवली. शिकाऊ मुलाच्या हाती सोसायटीचे ३४,६०० दिले. म्हणूनच विचारत होतो, तीन कोटेशन घेतली होती का?

सी-७०३ (९:४४)
🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

सी-७०३ (९:४९)
काका, आधी लिहिलेलं काढून टाकलं, मोठ्यांशी तसं बोलायचं नसतं. पण एवढं सांगते. पुढच्या आठवड्यात त्याची सेमिस्टरची परीक्षा आहे. तरी तो चार संध्याकाळी त्या ऑफिसात मच्छर चावून घेत बसलाय. दोन दुकानं फिरून भाव काढले, कारण दिवाळीनंतर रॅम महाग झाली आणि सोसायटीचे पैसे वाचावेत असं त्याला वाटलं. काल रात्री घरी आला तो जेवलाच नाही. "आई, माझ्यामुळे बिलं अडली" एवढंच म्हणाला. पिन वाकवली असं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांनीच लिहावं.

ए-३०१ काकू (९:५१)
अगं असं नको मनाला लावून घेऊ. बाळा, डिंकाचे लाडू केलेत, येऊन घेऊन जा.

बी-२०१ काका (९:५३)
मी व्यक्तीबद्दल बोललो नाही, पद्धतीबद्दल बोललो.

सी-७०३ (९:५३)
"शिकाऊ मुलगा" ही पद्धत आहे का?

ए-५०३ सेक्रेटरी (९:५५)
कृपया सर्वांनी संयम ठेवावा 🙏

बी-६०४ काका (१०:०२)
मी आत्ता सगळं वाचलं. मी दूरसंचार खात्यात एक्स्चेंजवर ३१ वर्षं काढली. घरचे कॉम्प्युटर १९९८ पासून जोडतोय. बेटा, तू लक्षणं फार नीट लिहिली आहेस, त्यामुळे अर्धं काम झालंय. पंखा नीट फिरतोय आणि स्क्रीन काळी, असं असतं तर मी रॅम, मॉनिटर, ८ पिनची वायर यांच्या मागे लागलो असतो. पण अर्धी फेरी फिरून थांबणं म्हणजे एसएमपीएस स्वतःहून बंद होतोय. त्याला कुठेतरी शॉर्ट दिसतोय आणि तो हात आखडता घेतोय. किंवा एसएमपीएसच खराब आहे. सॉकेट टॉर्च मारून पाहिलास का?

सी-७०३ ज्युनियर (१०:०५)
हो काका, भिंगाने पाहिलं. फोटो पाठवतो. मला सगळ्या ओळी सरळ दिसतात.
[फोटो]

बी-६०४ काका (१०:०९)
मलाही सरळ दिसतात. तिरक्या प्रकाशात चमक सगळीकडे सारखी आहे. वाकलेली पिन वेगळी चमकते, लगेच डोळ्यात भरते. पिनचा विषय संपला, असं मी माझ्या नावावर लिहून देतो. मी मल्टीमीटर घेऊन खाली येतो. किल्ली कुणाकडे आहे?

ए-१०२ खजिनदार (१०:१०)
वॉचमनकडे ठेवलीय काका. मीही येते. खूप आभार.

बी-२०१ काका (१०:१४)
तीन कोटेशनचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सी-१०१ (१०:१५)
पांढऱ्या गाडीचंही नाही.

बी-४०५ (१०:२०)
मला वाटतं पंपरूमच्या शेजारच्या त्या प्लगला अर्थिंग नसेल. पावसाळ्यात प्रिंटरला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

बी-६०४ काका (१०:४१)
चांगली शंका. मोजलं. फेज ते न्यूट्रल २३१, फेज ते अर्थ २२९, न्यूट्रल ते अर्थ दोनच्या आत. अर्थिंग व्यवस्थित आहे. झिणझिण्या यायच्या कारण जुन्या एक्स्टेंशन बोर्डाची तिसरी पिन कुणीतरी कापून टाकली होती. तो बोर्ड मी बाजूला काढला आहे. कुणीही परत लावू नका.

ए-५०३ सेक्रेटरी (१०:४३)
काका, हे फार बरं झालं. सोमवारी नवीन आणतो.

बी-६०४ काका (११:०५)
एसएमपीएस एकटा तपासला. सगळ्या वायरी सोडवल्या, २४ पिनच्या कनेक्टरची १६ नंबरची पिन जवळच्या काळ्या ग्राउंडला तारेच्या तुकड्याने जोडली, म्हणजे तो बोर्डाशिवायही चालू होतो. त्याचा पंखा फिरत राहिला, १२ आणि ५ व्होल्ट बरोबर. मशीनवर लोड असताना काय होईल ते अजून माहीत नाही, पण मेलेला नक्कीच नाही. घरी मुलांनी हा प्रयोग करू नये, चुकीची पिन जोडली तर महागात पडेल.

ए-३०१ काकू (११:०७)
आज पाणी किती वाजेपर्यंत आहे?

ए-५०३ सेक्रेटरी (११:०८)
काकू, साडेबारापर्यंत.

सी-७०३ ज्युनियर (११:३२)
चालू झाला!!! काकांनी बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढायला लावला. बोर्डाच्याच खोक्यावर ठेवला, फक्त प्रोसेसर, पंखा आणि एक रॅम. बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मॉनिटरवर बायोस आलं. १६ जीबीपण दिसले, नंतर दुसरी रॅम लावली तेव्हा.

सी-७०३ (११:३३)
🙏🙏😭

बी-४०५ (११:३३)
वा! शाब्बास रे!

बी-२०१ काका (११:३६)
उघड्या खोक्यावर ऑफिस चालवायचं का? कॅबिनेटचे पैसेही आपणच दिलेत.

बी-६०४ काका (११:४०)
काका, थोडं थांबा. बाहेर चालतो आणि आत बंद पडतो, हेच उत्तर आहे. आता बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस चौघेही सुटले. उरलं फक्त कॅबिनेट आणि बोर्ड जिथे एकमेकांना टेकतात ती जागा.

बी-४०५ (११:४४)
पुढच्या यूएसबीची वायर उलटी लागली असेल. माझ्या भावाच्या मशीनला तसंच झालं होतं.

सी-७०३ ज्युनियर (११:४५)
दादा, पुढच्या सगळ्या वायरी काढूनही काल आत तसंच होत होतं.

बी-६०४ काका (१२:१८)
सापडलं.
[फोटो]
फोटोत कॅबिनेटचा पत्रा बघा. बोर्ड पत्र्याला लागू नये म्हणून त्याखाली पितळी स्टँडऑफ असतात, बोर्डाच्या भोकांच्या बरोबर खाली. आपल्या बोर्डाला सहा भोकं आहेत. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ सात. सातवा मोठ्या बोर्डासाठी कारखान्यातूनच बसवून आला होता. तो आपल्या बोर्डाच्या पाठीवर, जिथे भोक नाही तिथे टेकत होता.

बी-६०४ काका (१२:२०)
[फोटो]
हा बोर्डाच्या पाठीचा. काळ्या रंगावर तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ओरखडा. त्याला लागून सोल्डर केलेले बारीक टोक आहे, त्याचंही डोकं घासलंय. तिथून वीज थेट पत्र्यात जात होती. एसएमपीएसने दर वेळी अर्ध्या फेरीत स्वतःला बंद केलं म्हणून बोर्ड वाचला.

सी-७०३ ज्युनियर (१२:२३)
मी सहा स्क्रू मोजले, सहा भोकं मोजली. खालचे स्टँडऑफ मोजले नाहीत. ही चूक माझी. सॉरी खजिनदार काकू, तुम्हाला रात्री थांबावं लागलं.

ए-१०२ खजिनदार (१२:२५)
अरे सॉरी काय! तू होतास म्हणून निदान मी एकटी नव्हते तिथे.

बी-६०४ काका (१२:२७)
आणि एक. कॅबिनेटच्या आत, पत्र्याच्या त्याच रंगात बुडालेला स्टँडऑफ होता तो. मलाही बोट फिरवल्यावर लागला, डोळ्यांना दिसला नाही.

बी-२०१ काका (१२:३४)
चालू झाला हे चांगलं. परंतु पुढच्या वेळी कोणतीही खरेदी असो, तीन कोटेशन घेऊन नोटीस बोर्डावर लावावीत, ही माझी लेखी मागणी समजावी.

ए-५०३ सेक्रेटरी (१२:३८)
काका, दोनच घेतली होती, तिसऱ्या दुकानाने दिलं नाही. हे मी सकाळीच सरळ सांगायला हवं होतं. मागणी मान्य. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घेतो.

बी-२०१ काका (१२:४०)
धन्यवाद. एवढंच हवं होतं.

सी-७०३ (१२:४१)
आणि आम्हाला?

सी-१०१ (१२:५०)
पांढरी गाडी बी विंगमधल्या पाहुण्यांची आहे असं वॉचमन सांगतोय. कोणत्या फ्लॅटचे पाहुणे?

बी-४०५ (१२:५८)
... माझे सासरे आहेत. मला आत्ता कळलं की त्यांनी तिथे लावली. पाच मिनिटांत काढतो. सकाळच्या मेसेजबद्दल माफ करा साहेब.

सी-१०१ (१२:५९)
ठीक आहे.

सी-७०३ ज्युनियर (दु. ३:४७)
अपडेट. सातवा स्टँडऑफ पकडीने काढला. बोर्ड आत बसवून पहिल्या दाबात चालू. विंडोज ११ चढवलं. जुनी हार्ड डिस्क सहज लावून पाहिली, त्यावरून तो बूट होत नाही. ती लीगसी, म्हणजे चालू होण्याच्या जुन्या पद्धतीची आहे आणि नवीन बोर्डाला यूईएफआय ही नवी पद्धत लागते. पण त्यातल्या फाइली वाचता येतात. पेनड्राइव्हवर नसलेलं २०१७ ते २०१९ चं पत्रव्यवहाराचं फोल्डरही कॉपी केलं.

ए-१०२ खजिनदार (३:५२)
२०१७ चं सापडलं?! लिफ्टच्या कराराचं पत्र त्यातच होतं. दोन वर्षं शोधतेय मी ते.

ए-५०३ सेक्रेटरी (३:५३)
मीसुद्धा!

बी-२०१ काका (सायं. ६:१५)
मी संध्याकाळी ऑफिसात जाऊन आलो. मशीन पाहिला. जोडणी व्यवस्थित केली आहे, वायरी टायने नीट बांधल्या आहेत. सकाळी पिन वाकवली असं मी खात्री न करता लिहिलं, ते लिहायला नको होतं. मुलाला परीक्षेसाठी शुभेच्छा.

सी-७०३ (६:३१)
धन्यवाद काका.

ए-३०१ काकू (६:३३)
लाडू न्यायला कुणी आलंच नाही. सहाव्या मजल्यावरच्या भाऊजींसाठीही बाजूला ठेवलेत.

ए-१०२ खजिनदार (रा. ८:४०)
८४ पैकी ८४ बिलं तयार आहेत. सोमवारी सकाळी ई-मेल करते, ज्यांना छापील हवंय त्यांनी फ्लॅट नंबर कळवा. सी-७०३, तू आता अभ्यासाला बस. प्रिंटर लागत नाहीये, पण ते परीक्षेनंतर बघू.

बी-६०४ काका (८:४४)
प्रिंटर मी उद्या दहा वाजता बघतो. किल्ली वॉचमनकडेच ठेवा.