19 इंची रॅक करून घेतला, आता मशीनच आत जाईना

टाळमृदंग, लातूर
माडीवरच्या 10 बाय 12 च्या खोलीत मी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो, कधीमधी एखादा शाहीर येतो. आवाज कॉम्प्युटरात नेणारा इंटरफेस, माइकचा आवाज वाढवणारा आठ चॅनलचा प्रीअँप, हेडफोन अँप आणि पॉवर कंडिशनर असं सगळं आजवर टेबलावर एकावर एक रचून चाललं होतं. मागच्या महिन्यात पखवाजाला लावायची कणीक भिजवताना एका माउलींच्या हातून तांब्या कलंडला. प्रीअँप थोडक्यात वाचला. त्याच दिवशी ठरवलं, मशीनं खणात स्क्रूनं बसवायचा रॅक पाहिजे.

तयार रॅकचा भाव ऐकून गल्लीतल्या मिस्त्रीला गाठलं. 18 एमएम प्लाय आणला आणि सांगितलं, "आतून 19 इंच रुंद, 16 इंच उंच, 16 इंच खोल." मिस्त्रीनं माप बरोबर 19 चंच घेतलं. पण वरून मला न विचारता आतल्या दोन्ही बाजूंना मायका ठोकला. "दादा, आतून बी चकाचक करून दिलंय बघा." आता टेप लावला तर आत 480 एमएम भरतंय आणि मशीनची पट्टी 482 च्या वर. पट्टीच्या दोन्ही टोकांचे कान अडकायलेत. मिस्त्री म्हणतो, ग्राइंडर आणतो, मशीनचेच कान घासू. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलंय. मायका उचकटू का? का डबा नवीनच करायचा?

रंधा, उदगीर
ग्राइंडर लपवून ठेवा आधी. मायकालाही हात लावू नका, तुमचा डबा कामाचा आहे.

19 इंच हे मशीनच्या समोरच्या पट्टीचं माप आहे, डब्याच्या आतलं नाही. लोखंडी एल पट्ट्या आतून बसवायच्या असत्या, तर आत 19 इंच एक सूत लागलं असतं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तो एक सूत तुमच्या मिस्त्रीला कुणी सांगितला नाही, त्याचा काय दोष? आता असं करा. आत दोन्ही बाजूंना सागवानाची 15 एमएम जाडीची रीप लावा, प्लायच्या पुढच्या कडेशी अगदी सपाट. मधे 450 एमएम मोकळं राहतं, मशीनचं धड त्यातून आरामात जातं आणि कान रिपेवर बसतात. दोन्हीकडच्या भोकांच्या मध्यातलं अंतर 18 इंच अडीच सूत, म्हणजे 465 एमएम. भोक जवळजवळ रिपेच्या मधोमध येतं.

नुसत्या लाकडात स्क्रू दोनतीनदा काढघाल केले की ढिले होतात. रिपेच्या मागून 12 एमएमची लोखंडी पट्टी लावा आणि लेथवाल्याकडून तिला सहा एमएमचे आटे पाडून घ्या.

आता भोकांचं. इथं लोक एमएममध्ये शिरून घोळ घालतात. रॅकच्या एका खणाच्या उंचीला यू म्हणतात, एक यू म्हणजे 44.45 एमएम. तुम्ही 44 धरून गेलात तर आठव्या खणापर्यंत साडेतीन एमएम घसरलात. हे सगळं मापच मुळात इंचातलं आहे. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, म्हणजे 14 सूत. खणाच्या खालच्या कडेपासून 2 सुतांवर पहिलं भोक, मग 5 सूत, मग 5 सूत, वर 2 सूत उरतात. पुढच्या खणाचं पहिलं भोक आधीच्यापासून 4 सुतांवर. म्हणजे 5, 5, 4, 5, 5, 4 असं चालत राहायचं. मिस्त्रीला सुतात सांगा, तो तुमच्याआमच्यापेक्षा नीट मारील. फक्त मागच्या भोकापासून पुढचं मोजू देऊ नका. टेप एकदाच तळाशी टेकवून सगळ्या खुणा करायच्या, आणि दोन्ही रिपा शेजारी ठेवून काटकोनी गुण्यानं एकदमच आखायच्या. नाहीतर मशीन तिरकं बसतं, मग ते दिवसभर डोळ्यांत खुपतं.

आठ यूला 14 इंच लागतात. तुमच्याकडे 16 आहेत, उरलेले दोन तळाशी वायरींना सोडा. प्रीअँप जड असेल तर त्याच्या बुडाखाली मागच्या बाजूला एक आडवी पट्टी द्या, सगळं वजन कानांवर नको.

निवृत्त वायरमन, परभणी
सुतारकाम रंधाभाऊंनी सांगितलंच. डब्याची पाठ बंद केली असेल तर उघडा. आपल्याकडे मे महिन्यात माडीवरच्या खोलीत काय होतं हे सांगायला नको, आणि रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही पंखाही बंद ठेवणार. प्रीअँपच्या वर एक खण रिकामा सोडा आणि डबा भिंतीपासून वीतभर पुढं घ्या. खाली शहाबादीचे दोन तुकडे ठेवा. वाळवी तशीही येऊ शकते, पण पुसताना पाणी प्लायच्या कडेला लागत नाही.

पॉवर कंडिशनर तळाला, प्रीअँप वर. स्टॅबिलायझर तर रॅकमध्ये नकोच. त्याचा ट्रान्सफॉर्मर प्रीअँपला चिकटला की माइकमध्ये घुंग असा आवाज धरतो. तरी घुंग आलाच, तर प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका. सगळी मशीनं एकाच बोर्डावर घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावाला उरतं. पाणी घालत जा.

टाळमृदंग, लातूर
काल रिपा बसवल्या. मिस्त्रीला 5, 5, 4 म्हटलं तर म्हणाला, "हे असं सांगायचं सोडून 19 इंच 19 इंच काय लावलं होतं?" पेन्सिल कानामागून काढली आणि पाऊण तासात दोन्ही पट्ट्या आखून मोकळा. चारही मशीनं बसली. प्रीअँपचं उजवीकडचं खालचं भोक केसभर हुकलंय, पण कानाचं भोक लांबट असल्यामुळे स्क्रू गेला.

पाठीचा प्लाय काढलाय. अर्थिंगच्या खड्ड्यात आईनं तुळस लावली आहे, म्हणजे पाणी रोज पडतंय. खड्डा तरी ओलाच असणार, पण वायरमनला बोलावून एकदा मोजून घेतो. आता स्पीकरच्या स्टँडचं बघायचंय. लोखंडी पाइपात वाळू भरायची म्हणतात, तर ती भाजून कोरडी करून भरायची का तशीच?

रंधा, उदगीर
चाळून, उन्हात दोन दिवस वाळवून, आणि प्लॅस्टिकच्या लांब पिशवीत घालून मगच पाइपात. ओली भरली तर पाइप आतून गंजतो. उंचीचं माप आधी घ्या. नेहमीच्या खुर्चीवर बसून तुमचा कान जमिनीपासून किती वर येतो बघा, स्पीकरचा लहान भोंगा तिथं आला पाहिजे. भारतीय बैठकीवर बसून मिक्सिंग करत असाल तर आत्ताच सांगा, नाहीतर परत मिस्त्रीवर ढकलाल.