शब्दचर्चा : पेज फॉल्टला ‘दोष’ का म्हणायचं?

जुळे सोलापूर
इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांसोबत रविवारी आम्ही स्वतःचं छोटंसं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितो. (‘कर्नल’ लिहिलं की फौजेतला साहेब उभा राहतो, म्हणून कर्नेल.) बूट सेक्टरचे (मशीन सुरू होताना डिस्कवरून वाचल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्याचे) ५१२ बाइट, शेवटची ५५ एए ही खूण, पडद्यावर अक्षर उमटवायला बी८००० हा पत्ता, इथवर मुलं झपाझप येतात. बरीचशी मराठी माध्यमातली आहेत, म्हणून टिपणं मराठीत करतोय. पेजिंगपाशी, म्हणजे मेमरी पानापानांत वाटण्यापाशी, मात्र गाडं अडतं, तेही एका शब्दामुळे. हवं ते पान हजर नसलं किंवा त्याची परवानगी नसली की प्रोसेसर अडतो, तो पेज फॉल्ट. पेज फॉल्टला मी ‘पृष्ठदोष’ लिहिलं, तर मुलं आपल्या कोडमध्ये दोष शोधत बसतात. दुसरा शब्द हवाय.

अशोक चौक
दोष काढाच सर. आमच्याकडे यंत्रमाग होते. बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी संपली की माग थांबतो. कामगार धोट्यात भरलेली कांडी घालतो, माग हाताने थोडा मागे फिरवतो आणि धागा जिथे संपला तीच ओळ आधी जुळवून घेतो. तसं केलं नाही तर कापडात फट दिसते. याला कुणी दोष म्हणत नाही, ‘कांडी संपली’ एवढंच म्हणतात. पेज फॉल्टचंही असंच आहे. ज्या सूचनेवर प्रोसेसर अडला, तिचाच पत्ता तो स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागी) ठेवतो, पुढचीचा नाही. कर्नेलने ४०९६ बाइटचं पान मेमरीत आणलं, पेज टेबलात (कुठलं पान कुठे आहे त्या यादीत) नोंद केली आणि परत फिरलं, की तीच सूचना पुन्हा चालते. मधे काही घडलं हे प्रोग्रामला कळतही नाही. माझा शब्द ‘खोळंबा’. पानखोळंबा.

विजापूर वेस
खोळंबा गोड आहे, पण एखादा प्रोग्राम शून्य पॉइंटरवर, म्हणजे कुठेच न नेणाऱ्या पत्त्यावर, लिहायला गेला, तर तोही पेज फॉल्टच्याच १४ नंबरने येतो ना? तिथे तर सरळसरळ चूक आहे. तिला खोळंबा म्हणून पाठीशी घालायचं का?

अशोक चौक
पाठीशी घालायचं नाही, पण आधीच दोषीही ठरवायचं नाही. प्रोसेसर फक्त दोन गोष्टी सांगतो. कुठल्या पत्त्यावर अडलं ते सीआर२ या प्रोसेसरमधल्या रजिस्टरमध्ये असतं. का अडलं ते एरर कोडमध्ये असतं: शेवटचा बिट ० म्हणजे पान हजर नव्हतं, १ म्हणजे पान होतं पण परवानगी नव्हती. तेवढ्यानेही निकाल लागत नाही. फोर्कनंतर, म्हणजे चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढल्यावर, दोन प्रोसेस एकच पान वाटून घेतात, तेव्हा लिहायला गेलं की परवानगी नाकारली जाते आणि कर्नेल निमूटपणे त्या पानाची वेगळी प्रत काढून देतं. त्यात कसला आलाय गुन्हा? निवाडा कर्नेल करतं. नावातच निवाडा नको.

होटगी रोड
हे पटलं. पण फॉल्ट, ट्रॅप आणि अबॉर्ट हे तिन्ही वेगळे ठेवा, नाहीतर पुढे घोळ होईल. शून्याने भागलं तर येणारा ० नंबरही फॉल्टच आहे. हँडलरने (फॉल्ट आल्यावर चालणाऱ्या कोडने) काहीच न करता परत पाठवलं तर तोच भागाकार पुन्हा, पुन्हा तोच फॉल्ट. मुलांना हे मुद्दाम करून दाखवा, खोळंबा म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल. ट्रॅपला ‘सापळा’ नको, तिथे कुणी कुणाला पकडत नाही. ब्रेकपॉइंटला (तपासणीसाठी मुद्दाम ठेवलेल्या जागी) प्रोसेसर थांबतो आणि पुढच्या सूचनेवरून निघतो, म्हणून ‘थांबा’. डबल फॉल्ट (एक फॉल्ट हाताळायला जाताना आलेला दुसरा) मात्र नावाने फॉल्ट, जातीने अबॉर्ट. तिथून परतीची वाट नाही, त्यामुळे तिथे खोळंबा वापरूच नका. तोही हाताळता आला नाही की ट्रिपल फॉल्ट, आणि मशीन रीसेट होतं. क्यूईएमयूची (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) खिडकी सारखी नव्याने बूट होताना दिसली तर समजा तेच झालंय. अबॉर्टला मी ‘कोसळणं’ म्हणेन.

आणि इंटरप्टला, म्हणजे उपकरणाकडून प्रोसेसरला येणाऱ्या इशाऱ्याला, काय लिहिताय?

जुळे सोलापूर
व्यत्यय.

होटगी रोड
तोही बदला. कीबोर्ड कुणाच्या कामात खोडा घालत नाही, कळ दाबली गेल्याची वर्दी देतो. ‘वर्दी’च म्हणा. पुढचं आपसूक समजतं: वर्दी आली की पोच द्यायची. उपकरणांच्या वर्द्या प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या पिक चिपच्या २० हेक्स पोर्टवर २० हेक्स लिहिणं ही ती पोच. ती दिली नाही तर पहिलं अक्षर उमटतं आणि नंतर कितीही कळा दाबा, पडदा गप्प.

विजापूर वेस
वर्दी आणि पोच, ही जोडी लै भारी. माझी हरकत मागे.

जुळे सोलापूर
मग टिपणात खोळंबा, थांबा, कोसळणं, वर्दी आणि पोच. प्रत्येकाशेजारी फॉल्ट, ट्रॅप, अबॉर्ट हेही देवनागरीत राहतील, कारण मुलांना उद्या इंटेलची मॅन्युअल वाचायची आहेत. मनात होतं की हँडलरने पडद्यावरच ‘खोळंबा १४, पान हजर नाही’ असं लिहावं. पण बी८००० वर एका घरात अक्षराला एकच बाइट, नेहमीचा संच २५६ चिन्हांचा, त्यात देवनागरी नाही. काना-मात्रा आणि जोडाक्षरं तर लांबच. म्हणजे ग्राफिक्स मोडमध्ये जाऊन अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी स्वतः काढायचं. बिटमॅप स्वरूपातला देवनागरी फॉन्ट कुणाच्या वापरात असेल तर इथे सांगा, पुढच्या रविवारी ‘खो’पासून सुरुवात करू.